चौपाटीवरचे गुरुवार

१८५७ च्या जानेवारीत मुंबईहून निघालेली आगगाडी ठाणे आणि कल्याण मागे टाकून वासिंदला येई आणि तिथेच थांबे. पुढे रूळ नव्हते. कसाऱ्यापर्यंत गाडी जायला १८६१ साल उजाडायचे होते. वासिंदच्या पलीकडे शहापूरचा मुलूख. त्याला तेव्हा कोळवण म्हणत. डोंगर, साग, भाताची खाचरे आणि पाडे. पाड्यांवर वाघदेव आणि हिरवा देव, गावोगावी गावदेवी, मुरबाडच्या बाजूला म्हसे इथे म्हसोबा आणि पौष पौर्णिमेची त्याची जत्रा. कुणबी, आगरी, कोळी, ठाकर, वारली, कातकरी अशा या वस्तीत देवाला काय द्यायचे आणि त्याच्याकडे काय मागायचे, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले होते. एकादशीला विठोबाचे भजनही होते. देव आहे की नाही, असला तर कसा आहे, तो जगात आहे की जगाबाहेर, यावर भर सभेत भांडावे अशी वेळ तिथे कोणावर आली नव्हती.

त्याच लोहमार्गाच्या दुसऱ्या टोकाला, मुंबईत, ती वेळ आली होती. १५ जानेवारी १८५७ रोजी, गुरुवारी संध्याकाळी, चौपाटीच्या वाळूवर दोन माणसे समोरासमोर उभी राहिली. एक एकतिशीतला कोकणस्थ ब्रह्मचारी, विष्णु भिकाजी गोखले. लोक त्यांना विष्णुबुवा ब्रह्मचारी म्हणत. दुसरे चाळिशीतले अमेरिकन मिशनरी, जॉर्ज बोवेन. भोवती ऐकणाऱ्यांची गर्दी, भाषा मराठी आणि विषय देव. ख्रिस्ती लोक ज्याला देव म्हणतात त्याचे स्वरूप काय, त्याचे गुण कोणते आणि ते गुण एकमेकांशी जुळतात का, हा वादाचा गाभा होता. गुरुवारच्या या सभा २८ मेपर्यंत चालल्या.

मराठी मुलखात देवाच्या स्वरूपावर वाद नवीन नव्हते. अद्वैती आणि द्वैती शास्त्री शतकानुशतके भांडत आले होते. पण ते भांडण संस्कृतात आणि पंडितांच्या सभेत. चौपाटीवर कारकून, दुकानदार, शाळकरी मुले, वाटसरू असे कोणीही उभे राहून ऐकू शकत होते. ही मोकळीक कशी निर्माण झाली, हे समजायला चाळीस-पंचेचाळीस वर्षे मागे जावे लागते.

ईस्ट इंडिया कंपनीला मिशनऱ्यांचे प्रेम नव्हते. लोकांच्या धर्माला हात लावला तर व्यापार आणि राज्य दोन्ही धोक्यात येईल, ही तिची भीती. १८१३ च्या सनदेने मिशनऱ्यांना हिंदुस्थानात येऊन काम करण्याची वाट मोकळी केली. त्याच वर्षी फेब्रुवारीत गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनचे दोघे मुंबईत उतरले होते. त्यांच्या मिशनने शाळा काढल्या, छापखाना घातला. १८२६ मध्ये बायबलचा नवा करार मराठीत छापला गेला. १८२३ पासून स्कॉटिश मिशनरी कोकणात बाणकोट-हर्णै भागात शाळा चालवू लागले. आणि १८२९ च्या फेब्रुवारीत जॉन विल्सन मुंबईत आले. आज विल्सन कॉलेज म्हटले की आठवतात ते हेच. त्यांच्या पत्नी मार्गारेट यांनी मुलींच्या शाळा सुरू केल्या आणि १८३५ मध्ये त्या मुंबईतच वारल्या.

विल्सन स्कॉटलंडच्या प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये वाढलेले. त्या चर्चच्या घराघरांत मुलांकडून एक प्रश्नोत्तरावली पाठ करून घेत. सतराव्या शतकात वेस्टमिन्स्टरच्या धर्मसभेने ती तयार केली होती. तिच्यातला चौथा प्रश्न थेट आहे : देव म्हणजे काय? उत्तर एका वाक्याचे. देव आत्मा आहे, आणि तो अनंत, सनातन व अविकारी आहे. नुसत्या अस्तित्वात नव्हे, तर ज्ञान, सामर्थ्य, पावित्र्य, न्याय, चांगुलपणा आणि सत्य या प्रत्येक बाबतीत. ख्रिस्ती धर्मपंडित या गुणांचे साधारण दोन भाग करतात. अनंतत्व, सनातनत्व, सर्वव्यापित्व, अविकारित्व हे फक्त देवाचे. माणसात त्यांचा अंशही नसतो. न्याय, प्रेम, दया, सत्य यांचा मात्र अंश माणसात उतरू शकतो, कारण माणूस देवाच्या प्रतिमेत घडला, असे बायबल सांगते. याच्या जोडीला आणखी दोन सिद्धान्त. देव एकच, पण पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या तीन व्यक्तींत तो आहे; याला त्रैक्य म्हणतात. आणि पुत्र एकदाच, येशूच्या रूपाने, माणूस झाला.

वरवर पाहता यातले निम्मे मराठी कानाला ओळखीचे होते. अनंत, अविनाशी, सर्वव्यापी ही विशेषणे हरिपाठ म्हणणाऱ्याला कोणी शिकवायला नको होती. देव माणूस होतो, हे रामायण ऐकलेल्या प्रत्येकाला मान्य होते. अडचण वेगळ्याच ठिकाणी होती. ख्रिस्ती देव जगापासून वेगळा आहे. त्याने जग शून्यातून निर्माण केले. जग त्याचे शरीर नव्हे, माया नव्हे, लीलाही नव्हे. तो पवित्र आहे याचा अर्थ त्याला पाप अजिबात सोसत नाही, आणि तो न्यायी आहे याचा अर्थ पापाचा हिशेब चुकवल्याशिवाय सुटका नाही. तरीही तो दयाळू आहे, म्हणून तो हिशेब त्याने स्वतःच क्रुसावर चुकवला. न्याय आणि दया यांची ही गाठ ख्रिस्ती श्रद्धेचे मर्म आहे आणि पुढचे सगळे वाद या ना त्या वाटेने तिच्यापाशीच येऊन पोचले.

विल्सन यांची पद्धत आक्रमक होती. १८३१ मध्ये मोरोभट दांडेकर यांच्याशी त्यांचा काही संध्याकाळी जाहीर वाद झाला. मोरोभटांनी आपली बाजू 'श्रीहिंदुधर्मस्थापना' या मराठी पुस्तिकेत मांडली. विल्सन यांनी १८३२ मध्ये तिला इंग्रजीत उत्तर दिले. त्याच्या शीर्षकातच हिंदू धर्म 'उघडा पाडण्याची' भाषा होती. साताऱ्याहून नारायणराव नावाच्या गृहस्थांनी प्रत्युत्तर लिहिले, तेव्हा १८३४ मध्ये विल्सन यांचे दुसरे उत्तर तशाच शीर्षकाने आले. वादाची रीत ठरून गेली. मिशनरी पुराणातल्या देवांच्या वर्तनावर बोट ठेवत आणि विचारत, पवित्र देव असा वागेल का? हिंदू पक्ष म्हणे, ईश्वराच्या कृतीला माणसाच्या नीतीचे माप लावता येत नाही, आणि निराकाराचे ध्यान सामान्य मनाला जड जाते म्हणून मूर्ती. मग तो उलट विचारी, तुमचा देव सर्वशक्तिमान असेल तर त्याने नुसती क्षमा का केली नाही? पुत्राचा बळी कशाला?

हा प्रश्न बिनतोड होता असे मी म्हणणार नाही. ख्रिस्ती परंपरेत अकराव्या शतकातल्या अँसेल्मपासून त्याला खोलात जाऊन उत्तरे दिली गेली आहेत. पण उत्तर ऐकायची तयारी व्हावी, असे वातावरण विल्सन यांनीच ठेवले नव्हते. समोरच्याचे दैवत उघडे पाडायला निघालेल्या माणसाच्या तोंडून देवाच्या दयेचे वर्णन कोणाच्या मनात शिरेल? विल्सन मोठे विद्वान होते. संस्कृत, फारसी, झेंद यांचा त्यांचा व्यासंग खरा होता आणि मुंबईच्या शिक्षणावर त्यांचे ऋण आहे. तरी ही चूक त्यांच्या पदरात घालावीच लागते. विल्सन यांच्या सुमारे दोनशे वर्षे आधी गोव्याच्या साष्टीत थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने दुसरी वाट धरली होती. त्याने १६१६ मध्ये छापलेले 'क्रिस्तपुराण' दहा हजारांहून अधिक मराठी ओव्यांचे आहे आणि त्याच्या आरंभीचे परमेश्वराचे स्तवन पुराण ऐकणाऱ्या माणसाला परके वाटत नाही. त्याही काळावर देवळे पाडणाऱ्या पोर्तुगीज सत्तेची सावली होती, हे विसरून चालणार नाही. पण स्टीफन्सने मराठीचे वैभव आधी मान्य केले आणि मग त्या भाषेत आपला देव सांगितला.

मुंबईत वातावरण तापत गेले ते धर्मांतरांमुळे. १८३९ मध्ये विल्सन यांच्या शाळेतल्या धनजीभाई नौरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला आणि शहर हादरले. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत अल्पवयीन म्हणून कोर्टाने वडिलांच्या हवाली केला. बाळशास्त्री जांभेकरांनी त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावे म्हणून पुढाकार घेतला आणि सनातनी मंडळींचा रोष ओढवून घेतला. आतापर्यंत देवाचे गुण ही पुस्तिकांची बाब होती. आता ती घराच्या उंबऱ्यावर आली. मुलगा शाळेत काय ऐकतो, याची आईबापांना धास्ती बसली. आपल्या बाजूने भर सभेत बोलेल असा माणूस लोकांना हवा होता.

तो माणूस शास्त्री नव्हता, हे मला या साऱ्या प्रकरणात फार महत्त्वाचे वाटते. विष्णु गोखले यांचा जन्म १८२५ मध्ये माणगावजवळ शिरवली इथला. वडील लहानपणीच गेले. थोडे शिक्षण, मग दुकानात नोकरी, मग सरकारी जकात खात्यात. ठाण्याच्या साष्टीत त्यांनी नोकरी केली. मनाला चैन नव्हती. साधू, बैरागी, ग्रंथ यांच्या मागे लागून समाधान मिळेना, तेव्हा तेविशीच्या आसपास नोकरी सोडून ते सप्तशृंगीच्या डोंगरावर तपाला गेले. तिथे साक्षात्कार झाला, असे ते सांगत. पुढे गावोगाव व्याख्याने देत १८५६ मध्ये मुंबईत आले. संस्कृत पांडित्याचा आव त्यांनी आणला नाही. रोजच्या मराठीत, न अडखळता, तर्काला तर्क लावत बोलणे ही त्यांची ताकद. मिशनऱ्यांना आतापर्यंत भेटलेले प्रतिपक्षी ग्रंथांचा आधार देत. हा माणूस अनुभवाचा आधार देत होता.

समोर उभे असलेले बोवेन हेही साध्या मुशीतले नव्हते. १८१६ मध्ये अमेरिकेच्या व्हरमाँटमध्ये जन्म. तरुणपणी देव न मानणारे, साहित्य आणि संगीतात रमलेले. जिच्याशी लग्न ठरले होते ती मुलगी आजारात गेली. तिने मागे ठेवलेले बायबल वाचताना त्यांचे मन पालटले. १८४८ मध्ये मुंबईला आले आणि थोड्याच काळात त्यांनी मिशनचा पगार नाकारला. गोऱ्या साहेबाने बंगल्यात राहून दारिद्र्यात जन्मलेल्या येशूची गोष्ट सांगावी, हे त्यांना पटेना. ते देशी वस्तीत, अगदी तुटपुंज्या खर्चात राहिले. रोज रस्त्यावर उभे राहून मराठीत उपदेश करत. जन्मभर अविवाहित. म्हणजे चौपाटीवर जे दोघे उभे होते ते दोघेही ब्रह्मचारी, दोघेही निष्कांचन, आणि दोघांनाही एकेका संकटातून देव गवसला होता. वाद इतके दिवस टिकला आणि त्याला भांडणाची कळा आली नाही, त्याचे मोठे कारण हेच असावे. विल्सन यांच्याविषयी जी तक्रार वर केली, ती बोवेन यांच्याविषयी करता येत नाही.

या सभांचा वृत्तांत बोवेन यांनी त्याच वर्षी 'डिस्कशन्स बाय द सीसाइड' या नावाने छापला. बुवांच्या बाजूचे पुस्तक 'समुद्रकिनारीचा वादविवाद' १८७२ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर आले. प्रत्येकाने आपलाच जय पाहिला, हे उघड आहे. पण वाद कुठे अडत होता, याविषयी संशय राहत नाही.

बुवांची भूमिका अद्वैताची. सत्, चित्, आनंद हे ब्रह्माचे स्वरूप. त्याच्यावाचून दुसरे काहीच नाही, तर मग देव वेगळा आणि जग वेगळे हे कसे? देव सर्वव्यापी म्हणता आणि जग त्याच्याहून निराळे म्हणता. जिथे जग आहे तिथे देव नाही का? असेल तर जग देवातच आले. नसेल तर सर्वव्यापित्व संपले. बोवेन यांचे उत्तर असे की देव सर्वत्र हजर आहे, सर्व त्याच्यामुळे टिकून आहे, तरी निर्माण करणारा आणि निर्माण झालेले एक होत नाहीत. तसे एक केले तर चोरी करणारा हातही देवाचा आणि खून करणाराही देवच. मग पाप कशाला म्हणायचे आणि कोणाला जाब विचारायचा?

इथे बुवा दुसऱ्या बाजूने येत. तुमचा देव सर्वज्ञ आहे. पहिला माणूस आदाम मना केलेले फळ खाणार हे त्याला आधीच ठाऊक होते. तो सर्वशक्तिमान आहे, म्हणजे ते टाळणे त्याच्या हातात होते. मग पापाचा भार आदामाच्या डोक्यावर कसा? आणि येशूच्या आधी जन्मून मेलेल्या, किंवा त्याचे नावच न ऐकलेल्या कोट्यवधी माणसांचे काय? त्यांना शिक्षा देणारा देव न्यायी कसा? बोवेन माणसाच्या स्वातंत्र्याकडे बोट दाखवत. देवाने यंत्रे घडवली नाहीत, प्रेम करू शकणारी आणि म्हणूनच नकारही देऊ शकणारी माणसे घडवली. तो नकार पाहूनही तो थांबला नाही, स्वतः खाली आला, ही त्याची दया.

आज हे वाचताना जाणवते की दोघेही एकमेकांच्या सर्वांत दुखऱ्या जागेवर नेमके बोट ठेवत होते. अद्वैताला पापाची जबाबदारी नीट लावता येत नाही, ही बोवेन यांची हरकत खरी आहे. सर्वज्ञ आणि सर्वशक्तिमान देवाच्या जगात दुःख का, हा बुवांचा प्रश्नही तितकाच खरा आहे आणि तो बायबलमधल्या ईयोबाच्या काळापासून विचारला जात आला आहे. फक्त हे प्रश्न आतापर्यंत मठात, धर्मपीठात, पाठशाळेत राहिले होते. चौपाटीवर ते शेंगदाणे विकणाऱ्याच्याही कानावर पडले.

मे महिन्याच्या १० तारखेला मेरठमध्ये शिपाई उठले. उत्तरेकडच्या बातम्या मुंबईत पोचू लागल्या आणि धर्माच्या नावाने जमणाऱ्या कोणत्याही गर्दीकडे सरकार सावधपणे पाहू लागले. पावसाळाही तोंडावर आला होता. २८ मेच्या सभेनंतर चौपाटीवरचे गुरुवार संपले. पुढच्या वर्षी राणीच्या जाहीरनाम्याने प्रजेच्या धर्मात ढवळाढवळ न करण्याचे वचन दिले.

वाद कोणी जिंकला, या प्रश्नाला तेव्हाही फारसा अर्थ नव्हता. सभेत ऐकून लोक रांगा लावून ख्रिस्ती झाले नाहीत. बुवांच्या बाजूने लोकांचा आत्मविश्वास वाढला. १८५९ मध्ये त्यांचा 'वेदोक्त धर्मप्रकाश' आला. पुढे १८६७ मध्ये 'सुखदायक राज्यप्रकरणी निबंध' लिहून त्यांनी सगळी जमीन सर्वांची, सगळे उत्पन्न सर्वांचे, अशा राज्याचे चित्र मांडले. सर्वांत एकच ब्रह्म आहे या विचाराचा त्यांनी काढलेला सामाजिक अर्थ तो. १८७१ मध्ये ते गेले. बोवेन मुंबईतच राहिले, 'बॉम्बे गार्डियन' हे पत्र चालवत आणि रस्त्यावर उपदेश करत. १८८८ मध्ये त्यांचा मृत्यू झाला.

परिणाम दिसू लागले ते वादाच्या मैदानाबाहेर. देवाच्या गुणांची ती लांबलचक यादी महाराष्ट्रात सारखी रुजली नाही. त्रैक्य, शून्यातून निर्मिती, अविकारित्व यांवर मराठी मन फारसे थांबले नाही. न्याय आणि दया यांवर मात्र थांबले, आणि तिथून जे निघाले ते कोणत्याच मिशनने आखलेले नव्हते.

१८५७ मध्येच बाबा पदमनजी यांचे 'यमुनापर्यटन' प्रसिद्ध झाले. बेळगावात जन्मलेले पदमनजी मुंबईत मिशनच्या शाळेत शिकले, जातिभेद न मानणाऱ्या गुप्त परमहंस सभेत गेले आणि १८५४ मध्ये ख्रिस्ती झाले. त्यांनी देवाच्या दयेवर निबंध लिहिला नाही, विधवांच्या हालांची कादंबरी लिहिली. देव दयाळू असेल तर केशवपन केलेल्या पोरीच्या वाट्याला हे का, असा तो प्रश्न आहे. बुवा आदामाविषयी विचारत होते तोच, पण आता तो मराठी घराकडे वळला होता.

३१ मार्च १८६७ रोजी आत्माराम पांडुरंग यांच्या घरी प्रार्थना समाज स्थापन झाला. त्यांचे बंधू दादोबा पांडुरंग यांनी परमहंस सभेच्या दिवसांत 'धर्मविवेचन' लिहून एकच ईश्वर आणि एकच मानवजात ही तत्त्वे आधीच मांडली होती. समाजाने मूर्ती आणि अवतार बाजूला ठेवले, पण क्रूसही घेतला नाही. एकच, निराकार, न्यायी, प्रेमळ परमेश्वर त्यांनी मानला आणि त्याची प्रार्थना तुकारामाच्या अभंगांनी केली. न्यायमूर्ती रानडे यांनी एकेश्वरवाद्याची श्रद्धा कलमवार लिहून काढली. ती वाचताना एका कानात उपनिषद आणि दुसऱ्यात स्कॉटिश शाळेतला धडा ऐकू येतो.

जोतीराव फुले स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले. त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला नाही. पण त्यांच्या लेखनातला 'निर्मिक' पाहा. तो जग निर्माण करणारा आहे, जगाहून वेगळा आहे, आणि न्यायी आहे. त्यानेच सर्व स्त्रीपुरुषांना सारखे निर्माण केले, म्हणून जन्माने कोणी श्रेष्ठ नाही आणि देवाशी बोलायला भट नको. मिशनऱ्यांनी न्यायाचा गुण पापाच्या शिक्षेसाठी सांगितला होता. जोतीरावांनी तो हक्कांचा पाया केला. १८७३ चा सत्यशोधक समाज आणि १८९१ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर छापलेला 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' हा ग्रंथ या विचारावर उभे आहेत. चौपाटीच्या वादातल्या कोणत्याही युक्तिवादापेक्षा हा विचार जास्त गावांत गेला आणि जास्त माणसांचे जगणे त्याने बदलले.

आणि ज्यांनी ख्रिस्ती देव स्वीकारला त्यांचे काय झाले? त्यांच्यासाठीही वाद संपला नव्हता. पंडिता रमाबाई २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज इथे मुलगी मनोरमेसह बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झाल्या. त्या निर्णयापर्यंत यायला त्यांना नीलकंठशास्त्री गोरे यांच्या लेखनाची मदत झाली होती. हे गोरे विष्णुबुवांच्याच वयाचे, १८२५ मध्ये जन्मलेले, काशीत वाढलेले मराठी ब्राह्मण. मिशनऱ्यांशी वाद घालता घालता ते १८४८ मध्ये ख्रिस्ती झाले आणि 'षड्दर्शनदर्पण' लिहून त्यांनी निर्गुण ब्रह्माच्या कल्पनेवर दर्शनांच्याच परिभाषेत टीका केली. रमाबाईंनी मात्र बाप्तिस्म्यानंतरही विचारणे सोडले नाही. १८८५ मधला वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार वाचण्यासारखा आहे. त्रैक्याचा सिद्धान्त बायबलमध्ये मला स्पष्ट दिसत नाही, आणि जे पटलेले नाही ते चर्च सांगते म्हणून मी म्हणणार नाही, असा त्यांचा पवित्रा. सिस्टरना त्यात गर्व दिसला. मला त्यात शास्त्र्याची लेक दिसते. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी तिच्या आईला आणि आईने तिला संस्कृत शिकवले ते याचसाठी. रमाबाईंची श्रद्धा पुढे गाढ झाली, ती दयेच्या वाटेने. मार्च १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन, मग केडगावचे मुक्ती मिशन, दुष्काळातून उचलून आणलेल्या शेकडो मुली, आणि आयुष्याच्या अखेरीस मूळ हिब्रू व ग्रीकवरून एकहाती केलेले बायबलचे मराठी भाषांतर.

या प्रवासातले शेवटचे मोठे नाव ठाणे जिल्ह्याच्या मातीतून गेलेले आहे. नारायण वामन टिळक १८६१ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात जन्मले, पण त्यांचे सुरुवातीचे शिक्षण कल्याणला झाले. मुरबाड आणि शहापूरची माळवे, लाकूडफाटा आणि माणसे ज्या बाजारात येत तेच हे कल्याण. १८९३ मध्ये आगगाडीच्या डब्यात एका मिशनऱ्याने त्यांच्या हातात बायबल ठेवले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई सोवळ्यात वाढलेल्या. त्यांच्यावर या गोष्टीने आकाश कोसळले. अनेक वर्षे दूर राहून त्या परत आल्या आणि पुढे स्वतः ख्रिस्ती झाल्या, ते कोणाच्या युक्तिवादाने हरून नव्हे, हे त्यांचे आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे.

टिळकांनी देवाचे गुण सिद्ध करण्याचा मार्गच सोडून दिला. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. त्यांच्या अभंगांत आणि भजनांत ख्रिस्त माउली आहे, सद्गुरू आहे, सखा आहे. वेस्टमिन्स्टरच्या उत्तरातले अनंतत्व आणि अविकारित्व तिथे नाकारलेले नाही. पण त्यांना आता आईच्या मायेचा आवाज आला आहे. मराठी चर्चमध्ये आजही पेटी-टाळांवर ही भजने म्हटली जातात. १९१७ मध्ये त्यांनी साताऱ्याला 'देवाचा दरबार' स्थापन केला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, ख्रिस्ताचे अनुयायी म्हणवणारे सगळे तिथे एकत्र बसावेत, ही कल्पना. चर्चच्या चौकटीत ती बसणारी नव्हती. ९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईत वारले आणि ओवीबद्ध 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले.

ते पुरे केले लक्ष्मीबाईंनी. लहानपणी शाळा न पाहिलेल्या, लग्नानंतर नवऱ्याकडून अक्षरे शिकलेल्या या बाईने चौसष्ट अध्याय लिहिले. १९३६ मध्ये त्या गेल्या आणि १९३८ मध्ये 'ख्रिस्तायन' छापून निघाले.